पहिली शेजारीण

माझ्या सासूबाई, दीका लेन्सिंक, म्हणजे आमच्या गावात शेजारधर्माचा चालताबोलता दाखला. "शेजारीण असावी तर दीकासारखी," असं पाद्रीबाबा एकदा भर चर्चमध्ये म्हणाले, तेव्हा सासूबाईंनी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. मलाही वाटला, आणि खोटं कशाला सांगू, थोडा रागही आला. घरात सुनेशी एक गोड शब्द नाही आणि शेजारी फेन्नाकडे रोज गरम सूपचं पातेलं!

जर्मनीच्या हद्दीला लागून असलेल्या आमच्या या भागात प्रत्येक घराला एक पहिला शेजार असतो. सख्खी बहीण रुसली तर चालतं, पहिली शेजारीण रुसून चालत नाही. बाळंतपणात आधी तिला हाक मारायची, सुइणीला मागाहून; आणि घरात कुणी गेलं की मयताला अंघोळही तिनेच घालायची. फेन्ना नायलांडच्या पहिल्या शेजारीण आमच्या सासूबाई.

लढाईत, गावात जर्मन असताना, एका हिवाळ्यात फेन्नाच्या घरातून एकाएकी बाळाचं रडणं ऐकू येऊ लागलं. फेन्ना आणि तिचा नवरा बेरेंट यांना कित्येक वर्षं मूलबाळ नव्हतं. बाळ ज्यू होतं, भूमिगत लोकांनी अ‍ॅमस्टरडॅमहून आणून त्यांच्या ओटीत घातलेलं. सासूबाईंना हे काहीच माहीत नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं की आपल्याला बाळंतपणाला बोलावलं नाही. बरं, झाल्यावर तरी? बाळ झालं की लोण्याच्या टोस्टवर साखरेत घोळवलेली बडीशेप पसरून शेजारणींना द्यायची, ही आमची रीत. तेही नाही. सासूबाईंचा पापड मोडला.

पुढचं सगळं आम्हाला फार उशिरा कळलं. लढाई संपून चाळीसेक वर्षं झाली होती आणि त्या काळावरचा एक थरारपट गावातल्या खानावळीच्या मोठ्या दालनात दाखवला. सगळा गाव लोटला होता. सिनेमातला फितूर चामड्याच्या कोटातला, बारीक मिशीचा, जर्मनांबरोबर दारू पिणारा. तो पडद्यावर आला की लोक हुर्यो करत. "याला ओळखायला अक्कल कशाला लागते? मिशीच बोंबलतेय!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. शेवटी त्याला गोळी घातली तेव्हा टाळ्या पडल्या. आम्ही सगळे कसे स्वच्छ होऊन बाहेर पडलो.

फेन्ना आमच्याबरोबरच घरी आली. मी कॉफी ओतली. ती हातमोजे काढत म्हणाली, "आमच्या वेळी असा कुणी असता ना दीका, तर बरं झालं असतं. तोंडावर थुंकले तरी असते. त्या पोलिसाला कुणी सांगितलं, तेच कधी कळलं नाही."

पोलीस म्हणजे गावातलाच, जर्मनांच्या बाजूला गेलेला. लढाईनंतर तो तुरुंगात गेला आणि गावाने सगळं खापर त्याच्या डोक्यावर फोडलं. घरावर धाड पडली तेव्हा बेरेंटला आणि बाळाला पकडून नेलं होतं; बेरेंट छळछावणीतून परत आला नाही. बाळाचं तर विचारायलाच नको. फेन्ना त्या दिवशी बहिणीकडे दूध आणायला गेली होती, म्हणून वाचली.

"मी," सासूबाई म्हणाल्या.

"काय मी?"

"बेकरीच्या रांगेत मीच बोलले. म्हटलं, फेन्नाकडे बाळ आलंय म्हणे, पण आम्हाला ना हाक, ना टोस्ट. पोट तरी कुणी पाहिलं होतं का तिचं? का कोबीच्या वाफ्यात सापडलं? पोलिसाची बायको माझ्या मागेच उभी होती. त्याच आठवड्यात गाडी आली. मला खरंच ठाऊक नव्हतं गं, फेन्ना. गमतीत बोलले."

फेन्नाने कप बाजूला सारला. मग तिने विचारलं, "लोक हसले का?"

सासूबाईंना खोटं बोलता आलं असतं. "हसले," त्या म्हणाल्या.

फेन्ना उठली, कोट घातला, गेली. आणि मी? माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की या बाईने इतकी वर्षं तोंड मिटलं होतं, मग आता कशाला उघडलं? उद्या आम्ही गावात कुठल्या तोंडाने फिरायचं? ते बाळ माझ्या मनात त्यानंतर आलं. याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी पुढच्या दाराची घंटा वाजली. आमच्याकडे शेजारी मागच्या दाराने, चिखलाच्या बुटांनिशी सरळ स्वयंपाकघरात येतात. पुढचं दार पाद्रीबाबांसाठी आणि परक्यांसाठी. मी उघडलं तर फेन्ना, चर्चचा काळा कोट घालून. सासूबाई माझ्या मागून धावत आल्या.

"फेन्ना, अगं आत ये ना."

"नको. लेन्सिंकबाई, तुम्हाला एवढंच कळवायला आले, की यापुढे कोपऱ्यावरचे वेसेल्स माझे पहिले शेजारी. त्यांनी होकार दिलाय. मी गेले तर मला अंघोळ त्यांच्याकडच्या बाई घालतील. तुम्ही येऊ नका."

जन्मभर 'अगंतुगं' केलेल्या मैत्रिणीच्या तोंडचं ते 'तुम्ही' ऐकून सासूबाईंनी दाराची चौकट धरली. "बरं," एवढंच म्हणाल्या. फेन्नाने ही गोष्ट गावात कुणालाही सांगितली नाही. लोक विचारत, दोघींचं बिनसलं कशावरून? सासूबाई सांगत, "चूक माझी आहे." लोक म्हणत, बघा, किती मोठं मन! मग सासूबाईंनी चर्चला जाणंच सोडलं.

पुढच्या वर्षी थंडीत फेन्ना गेली. वेसेल्सबाई बादली घेऊन आमच्या खिडकीवरून गेल्या. सासूबाईंनी तोवर चुलीवर पाणी तापत ठेवलं होतं, बाह्या कोपरापर्यंत सारल्या होत्या, धुतलेला टॉवेल मांडीवर घेऊन मागच्या दाराशी खुर्ची टाकली होती.

"आई, त्यांनी नको म्हटलंय," मी म्हणाले.

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या, आणि पाणी गार होईपर्यंत तिथेच बसून राहिल्या.