मोहिते मॅडमसाठी सविस्तर प्रार्थना

मी आज जो काही आहे तो एस्तेर मावशींमुळे आहे, आणि माझ्या बायकोची नोकरी जायची वेळ आली तीही एका परीने त्यांच्यामुळेच.

मावशी म्हणजे सख्ख्या नव्हेत. जालन्याकडे आमच्या तालुक्याच्या गावी मिशनचं बोर्डिंग होतं, तिथल्या त्या मेट्रन. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. बारावीला इंग्रजीत नापास झाल्यावर मी ट्रंक भरून घरी निघालो, तेव्हा मावशींनी ट्रंक उघडली, सगळे कपडे पुन्हा दोरीवर टाकले (कोरडे होते तरी!) आणि म्हणाल्या, "ऑक्टोबरला परत बसायचं. आता हात धू, जेवायला ये." बसलो. पास झालो. पुढे बी.ए. झालो आणि विक्रोळीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये क्लार्क म्हणून लागलो. हे सगळं त्या ओल्या न झालेल्या कपड्यांमुळे.

प्रार्थना करायलाही त्यांनीच शिकवलं. बोर्डिंगमध्ये आम्ही "हे प्रभू, सर्वांचं भलं कर, आमेन" एवढं म्हणून भातावर तुटून पडायचो. मावशी ताट ओढून घ्यायच्या.

"सर्वांचं म्हणजे कुणाचं रे? नाव सांग. काय भलं? कधीपर्यंत? देवाने काय अंदाज करत बसायचं?"

तेव्हापासून मी देवाला सविस्तर सांगतो. नाव, ठिकाण, वेळ, पार्श्वभूमी. आणि रोजच्या प्रत्येक कामाआधी सांगतो. गॅस पेटवण्याआधी प्रार्थना, ओटीपी येईपर्यंत प्रार्थना, आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये पाय ठेवण्याआधी प्रार्थना. (लिफ्टसाठी सगळेच रहिवासी करतात. मी मोठ्याने करतो, एवढाच फरक.)

माझी बायको रूथ घाटकोपरची, तिथेच वाढलेली. तिची प्रार्थना अशी: "प्रभू, थँक यू, आमेन, डाळ घे." माझ्या प्रार्थनेत डाळ गार होते.

"याकोब, अरे देवाला आपला पत्ता माहीत आहे यार! पिनकोड कशाला सांगतोस?"

"चुकून दुसऱ्या बिल्डिंगला आशीर्वाद गेला तर?"

यावर ती नुसती माझ्याकडे बघते. लग्नाला सहा वर्षं झाली, या बघण्याचा अर्थ मला अजून नीट कळलेला नाही.

आता रूथची अडचण सांगतो. ती घाटकोपरला मोहिते मॅडमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. काम चांगलं, पगार वेळेवर, पण रविवारी ड्यूटी. सहा वर्षांत तिला चर्चमधली रविवारची उपासना मिळाली ती फक्त ईस्टरला, तीही दोनदा. आम्हा दोघांना एका बाकावर बसलेलं चर्चच्या मंडळीत फारसं कुणी पाहिलंच नव्हतं. काही जणांना मी विधुर वाटत होतो! शेवटी रूथने वांद्र्याच्या एका इस्पितळाच्या लॅबमध्ये अर्ज केला. रविवार सुट्टी. मुलाखत शनिवारी सकाळी अकराला. मॅडमना सांगायचं नव्हतं, कारण वांद्र्याची नोकरी मिळाली नाही आणि इथली गेली, तर घराचा अर्धा हप्ता भरणार कोण?

"कुणाला बोलायचं नाही हं," रूथने मला बजावलं.

"देवाला?"

"देवाला बोल. हळू बोल."

आणि आला शुक्रवार. दर शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता आमच्याकडे घरगुती प्रार्थना असते. मंडळीतले सातआठ जण येतात. त्यांतले उजागरे काका सर्वात ज्येष्ठ, त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून कुणी श्वास घ्यायला थांबलं की ते "आमेन!" म्हणतात, म्हणजे चुकायला नको. शेजारच्या तावडे काकीही येतात. त्या मालवणच्या, घरी गणपती बसवणाऱ्या, पण त्यांना बायबलातल्या गोष्टी भारी आवडतात. (आणि रूथचा केक. क्रम कदाचित उलटा असेल.)

या प्रार्थनेचे दोन नियम आहेत आणि दोन्ही माझेच. पहिला, उशिरा येणाऱ्याला बेल वाजवावी लागू नये म्हणून दार उघडं ठेवायचं. दुसरा, सगळ्यांचे मोबाइल पोळ्यांच्या डब्यात घालून झाकण लावायचं, आणि डबा आतल्या खोलीत. दुसऱ्या नियमाचा मला फार अभिमान होता. चर्चच्या पाळक साहेबांनी त्याचं भर उपासनेत कौतुक केलं होतं.

त्या शुक्रवारी रूथ चुकून लॅबच्या सॅम्पलच्या फ्रिजची किल्ली पर्समध्ये टाकून घरी आली. मोहिते मॅडमनी तिला अकरा फोन केले. अकराही पोळ्यांच्या डब्यात वाजले. मग मॅडमनी रिक्षा केली.

इकडे मी गुडघे टेकून, डोळे मिटून सुरुवात केली होती. उजागरे काकांच्या सांध्यांसाठी मागून झालं. काकींच्या मुलाच्या बढतीसाठी झालं. मग मी आवाज जरा खाली आणला (रूथने सांगितलं होतं ना!) आणि म्हणालो, "हे प्रभू, आता तुझी दासी रूथ हिच्यासाठी."

नंतर कळलं की याच क्षणी मॅडम चपला काढून आत आल्या. देवाचं काहीतरी चाललंय म्हणून त्या बिचाऱ्या ओढणी डोक्यावर घेऊन, हात जोडून, दाराजवळच उभ्या राहिल्या.

"प्रभू, तुला माहीतच आहे, उद्या अकरा वाजता वांद्र्याला तिची मुलाखत आहे."

रूथने मला कोपराने ढोसलं. मला वाटलं, भरून आलंय तिला.

"त्यासाठी ती उद्या सकाळी मोहिते मॅडमना फोन करून पोटात दुखतंय असं सांगणार आहे. प्रभू, हे खोटं आहे. त्याची तू आधीच क्षमा कर."

"आमेन!" उजागरे काका.

रूथने चिमटा काढला. मोठा. मी ओळखलं, तिला आणखी तपशील हवाय.

"प्रभू, फारो राजाचं मन कठीण होतं, तसं मोहिते मॅडमचं आहे. सुट्टी मागितली की त्यांचा चेहरा कसा होतो, रूथ रोज करून दाखवते."

"आमेन! आमेन!"

इथे रूथ अचानक मोठ्याने गायला लागली. प्रार्थनेच्या मधेच! सगळे गोंधळले, पण उजागरे काकांना गाणं लागलं की राहवत नाही. त्यांनी टाळ्या धरल्या. दोन कडवी झाली. मी डोळे मिटूनच आदराने थांबलो. रूथला दम लागला, तशी मी पुढची ओळ उचलली, प्रार्थनेची!

"म्हणून प्रभू, मॅडमना मऊ कर. आणि होत नसतील, तर रूथला तिथून लवकर काढ!"

"अरे माझ्या झिला, डोळे उघड!" तावडे काकी ओरडल्या. "फारो दारात उभो हा!"

मी डोळे उघडले.

रूथ केकच्या ताटाकडे बघत होती. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. खोलीत फक्त उजागरे काका प्रसन्न होते.

"फारो कोण?" मॅडमनी विचारलं.

शेवटी काकींनाच दया आली. "इजिप्तचो राजा तो. लोकांका सुटी देय नव्हतो. मगे त्याच्या घरात बेडकां शिरली. पिठात, बिछान्यात, सगळीकडे!"

"रूथ," मॅडम म्हणाल्या, "उद्या किती वाजता दुखणार आहे पोट?"

"मॅडम, सॉरी. मॅडम, हे म्हणजे... यांना ना, पत्ता सांगायची सवय आहे."

"चेहरा करून दाखव."

"मॅडम?"

"रोज दाखवतेस ना यांना? मलाही बघू दे."

मी मनात प्रार्थना सुरू केली. अगदी थोडक्यात. बी.ए. झाल्यापासूनची ही माझी सर्वात छोटी प्रार्थना असेल: प्रभू, वाट लागली.

आणि रूथने चेहरा केला! भुवया वर, ओठ आत, मान तिरकी. हुबेहूब. काकी आधी फुटल्या, मग सगळी मंडळी, मग स्वतः मॅडम. त्या इतक्या हसल्या की त्यांना बसायला वेताचा मोडा द्यावा लागला. केक खाता खाता त्यांनी विचारलं, "पण जायचंय का तुला? पगार कमी पडतो?"

"नाही मॅडम. रविवार हवाय. चर्चला जायचं असतं."

"मग सहा वर्षांत चर्चचं बोलली का नाहीस गं? मला वाटलं, मटण करायचं असतं म्हणून कटकट करतेस! मटण काय, बुधवारीही होतं."

रूथ दुसऱ्या दिवशी वांद्र्याला गेली नाही. मॅडमनी तिला रविवार दिला. माझ्या प्रार्थनेचं इतकं झटपट उत्तर मला याआधी कधीच मिळालं नव्हतं, आणि त्याच भरात मी मावशींना पत्र लिहायला बसलो. मग तीन आठवडे मला वेळच झाला नाही. कारण पत्रातच आहे. ते खाली देतो.

प्रिय एस्तेर मावशींस,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

आम्ही दोघं ठीक आहोत. तुम्ही शिकवलं तसंच मी देवाला सगळं सांगतो. आता रूथही दर रविवारी उपासनेला जाते. पुढच्या बाकावर बसते. काल तिने बायबलातला शास्त्रपाठही वाचला, तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला, असं मला लोकांनी सांगितलं.

लोकांनी सांगितलं, कारण मी तिथे नव्हतो. रविवारी लॅब बंद ठेवता येत नाही, तेव्हा सकाळचे चार तास कुणीतरी सुशिक्षित, विश्वासू आणि फुकटात येणारं माणूस हवं, अशी मॅडमची अट होती. रूथने एका मिनिटात नाव सुचवलं. त्यामुळे मावशी, ज्या पदवीसाठी तुम्ही माझी ट्रंक रिकामी केलीत, ती पदवी घेऊन मी सध्या दर रविवारी लघवीच्या बाटल्यांवर नावं चिकटवतो.

तिथेही मी प्रार्थना सोडलेली नाही. काल एक आजोबा आले, साखर तपासायला. फार घाबरले होते. मी त्यांची बाटली हातात घेतली आणि म्हणालो, "आजोबा, तुमच्यासाठी प्रार्थना करू का?"

ते म्हणाले, "कर बाबा, पण आधी झाकण लाव."

तुमचा नम्र,
याकोब