आकारामतात्यांची भाकणूक

कुसळेवाडीच्या यात्रेत दोन भाकणुका होतात. पहिली देवाची. ढोल थांबले, भंडारा उधळून झाला की पुजारी येत्या सालाचं सांगतो : पाऊस कसा, शाळू कसा, मेंढरांना सुख का रोग. ही भाकणूक लोक उभ्यानं, मान खाली घालून ऐकतात.

दुसरी आकारामतात्यांची. ती लोक खाली बसून ऐकतात, कारण हसता हसता पडायची भीती असते.

येत्या सालात पुराणवस्तूवाल्यांना जमिनीखाली काय सापडणार, एवढंच तात्या सांगतात. त्यांच्या भाकणुकीची खासियत अशी की ती आजवर एकदाही खरी ठरलेली नाही. त्यांनी सांगलीला नाणी निघणार म्हटलं की नाणी निघायची साताऱ्याकडं. औंधच्या डोंगरातलं भुयार आपल्या वाडीत उघडणार, असं त्यांनी ठणकावून सांगितलं, त्या वर्षी वाडीत फक्त पाण्याच्या टाकीला भोक पडलं. देवाचासुद्धा पावसाचा अंदाज कधीमधी चुकतो, पण कधीमधीच. असं न चुकता चुकणं फक्त तात्यांनाच जमलं होतं.

"तात्या, भुयार कुठं गेलं रं आपलं?" कुणीतरी विचारायचं.

"निघालं न्हाई म्हंजे नव्हतं, आसं न्हाई," तात्या गरजायचे. "आजून खणलं न्हाई! क्या समझे?"

हे 'क्या समझे' फौजेतलं. तात्यांची उमेदीची सारी वर्षं सफरमैना पलटणीत गेली. सफरमैना म्हणजे फौजेतली खणणारी, पूल बांधणारी माणसं. राजस्थानात कुठंतरी छावणीच्या संडासासाठी खड्डा घेताना तात्यांचं फावडं एका घागरीला लागलं. साहेबांनी काम थांबवलं. मग टोप्या घातलेली पुराणवस्तू खात्याची माणसं आली, आणि तान्ह्या पोराला न्हाऊ घालावं तशी त्यांनी ती घागर कुंचल्यानं पुसली. घागरीचा फोटो निघाला, तात्यांचा नाही. पण अख्खी छावणी घागरीसाठी हलली. फौजेला मागं सरकवणारी घागर तात्यांनी आयुष्यात एकच पाहिली, आणि तिथून त्यांचं डोकं जे फिरलं ते आजतागायत जाग्यावर आलेलं नाही.

पेन्शन घेऊन ते गावी आले आणि कराडचे त्यांचे व्याही आप्पासो त्यांच्या वर्मावर बोट ठेवायला लागले. "आमच्या आगाशिवाची लेणी बघा, दोन हजार वर्सांची!" आप्पासो असं सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, छिन्नी हातोडी अजून त्यांच्याच घरात असेल. "तुमची तर वाडी. वाडी म्हंजे काल-परवाची वस्ती. वाडीला कसला आलाय इतिहास?"

तात्यांचं उत्तर गावामागं उभं होतं. पांढरीचं टेकाड. जिथं माणसं पिढ्यान् पिढ्या राहिली, चुलींची राख साठली, भिंती ढासळल्या, तिथली माती पांढुरकी होते. ती माती खतासारखी टाकली की शेत हसतं, म्हणून गावानं अर्धं टेकाड ट्रॉल्या भरून रानात नेलं होतं. उरलेल्या अर्ध्यावर तात्या रोज फिरायचे आणि खापरं वेचायचे. अंबूबाई, म्हणजे तात्यांची बायको, तक्रार करायची की घरात मीठ ठेवायला जागा नाही आणि फुटक्या गाडग्यांना मात्र फडताळ आहे.

यंदा संक्रांत झाल्यावर मात्र पुण्याहून अश्लेषा नावाची एक संशोधक आली. तिनं टेकाड पालथं घातलं, खापरं उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाली, "काका, ही जागा जुनी आहे. परवानगी मिळवून पुढच्या हिवाळ्यात आम्ही इथे खणू. तोवर कुणाला हात लावू देऊ नका."

"काय निघंल?" तात्यांनी श्वास रोखून विचारलं.

"खणल्याशिवाय नाही सांगता येत."

"मंग शिकलात काय एवढं? मी न खणता सांगतो!"

ती खळखळून हसली आणि निघून गेली. इकडं आठ दिवसांत सरपंच नानासोंना खबर आली की यात्रेनंतर मोठे साहेब हेलिकॉप्टरनं येणार. हेलिकॉप्टरला सपाट जागा लागते. नानासोंनी गावाभोवती नजर फिरवली, कुणाचंच रान मोडायचं नव्हतं, आणि ती नेमकी टेकाडावर थांबली.

"तासाभरापुरतं येणार हायती साह्यब! तासाभरासाठी हजार वर्सांचं गाव सपाट करतोस?" तात्या त्यांच्या दारात जाऊन ओरडले.

"तात्या, तुमी म्हणताय म्हंजे तितं काय बी नसणार," नानासो शांतपणे म्हणाले. "तुमचं कवा खरं झालंय?"

गाव खदखदून हसलं. तात्या घरी आले ते जेवलेच नाहीत.

अंबूबाईनं भाकरी झाकून ठेवली. "आवं, एक सांगू? तुमचं समदं उलटं हुतं हे साऱ्या गावाला ठावं हाय. यंदा पारावर उभं ऱ्हावा आन् सांगा, टेकाडात काय सुदिक न्हाई. बगा, उद्या गाव टेकाडाला कुंपण घालतंय का न्हाई."

"खोटं बोलू?"

"आजवर कुठं खरं बोललाय?"

"मी चुकलो आसंन, खोटं बोललो न्हाई!" तात्या ताडकन उठले. "जमायचं न्हाई. गाव हाय तितं, तर हायच म्हणंन."

यात्रेच्या दिवशी जेसीबी टेकाडाशेजारी येऊन उभा राहिला. देवाची भाकणूक झाली. तात्या पारावर चढले, 'सावधान'मध्ये उभे राहिले आणि तोंड उघडणार तोच खालून अंबूबाईचा खडा आवाज आला.

"आवं, घरात मला सांगितलंसा तेच सांगा की! टेकाडात काय सुदिक न्हाई म्हणून!"

नानासोंच्या हातातला पेढा हातातच राहिला.

"आगं ए! मी कवा म्हणलो?" तात्यांचा आवाज चिरकला. "मंडळी, खोटं हाय हे! तितं गाव हाय! भिंती हायत्या, चुली हायत्या!"

"घरात न्हाई म्हणतोय, पारावर हाय म्हणतोय," एक म्हातारा विचारात पडला. "आता ह्यातली भाकणूक कुठली धरायची?"

"घरातली," दुसऱ्यानं निकाल दिला. "पारावर माणूस काय बी बोलतो. बायकूला सांगितल्यालं खरं."

"म्हंजे ह्येच्या मतानं टेकाडात काय न्हाई..." तिसऱ्यानं बोटांवर मोजत हिशेब लावला, "म्हंजे हाय!"

"लय हाय!"

"सोनं आसंन गड्या!"

"आरं, मी आसं म्हणलोच न्हाई!" तात्या पारावर पाय आपटत होते. पण ते जितके ओरडत होते, तितकी गावाची खात्री पटत होती की म्हातारा काहीतरी दडवतोय. नानासोंनी पेढा खाली ठेवला आणि जेसीबीवाल्याला हातानंच माघारी फिरायची खूण केली. हेलिकॉप्टरसाठी त्यांनी आपलं स्वतःचं काढणी झालेलं शाळवाचं रान दिलं. टेकाडावर त्याच संध्याकाळी दोन राखणदार बसले.

टेकाड वाचलं. दुसरा कुणी असता तर गप्प बसून हसला असता. तात्या रात्रभर तळमळले. सकाळी अंबूबाई दारात आडवी उभी राहिली.

"कुठं निघालासा? पुण्याची पोरगी येईपातुर गप ऱ्हावा की!"

"सोन्याच्या नावावर वाचल्यालं टेकाड मला नगं. उद्या सोनं न्हाई निगालं तर हेच लोक त्या पोरीला हाकलतील." तात्या तिला वळसा घालून थेट नानासोंच्या अंगणात गेले. नानासो दात घासत होते.

"नानासो, सरळ सांगतो. सोनं न्हाई तितं. एक गुंज न्हाई. गाडगी हायती, चुली हायत्या, जनावरांची हाडं हायती. त्या गाडग्यांसाठी ठेवायचं तर ठेव टेकाड. न्हाईतर बोलव तुझा जेसीबी, आन् मी बसतो वर, फिरव माझ्या अंगावरनं. पर सोन्यासाठी राखायचं न्हाई!"

नानासोंनी चूळ भरली. आजूबाजूला पाहिलं. मग तात्यांच्या अगदी कानाशी येऊन हळूच विचारलं, "तात्या... गाडगी म्हंजे, भरल्याली?"

तात्यांनी एक 'व्हय' म्हटलं असतं तर पुढच्या हिवाळ्यापर्यंतची चिंता मिटली असती.

"रिकामी!" ते असे गरजले की रस्त्यावरची शेळी बुजली. "रिकामी, फुटकी आन् काळी पडल्याली! आपल्याच कुठल्यातरी पणजीनं त्यात कालवण केलं आन् पोरं जगवली. म्हणून तू हितं दात घासतूयास! क्या समझे?"

"समजलं, समजलं," नानासो लगबगीनं म्हणाले. त्यांनी तात्यांना खुर्ची दिली, चहा सांगितला आणि आत जाऊन हळू आवाजात फोन लावला.

"राखणीला आजून दोघं धाडा रं. म्हातारा लय जिवावर उदार झालाय. तितं कायतरी मोठं हाय."