टँकरनंतरचा नमुना

"ए बाई, बाटली खाली ठेव. पाणी अजून यायचंय."

कारखान्याचा मॅनेजर सगळ्यांसमोर मला म्हणाला. मी नाल्यात वाकले होते, करमाडच्या अलीकडं, कारखान्याचं सांडपाणी पडतं तिथं. प्रदूषण मंडळासाठी पाण्याचे नमुने गोळा करणारी कंत्राटी बाई मी. बाटली भरायची, चिठ्ठी लावायची, बर्फाच्या पेटीत ठेवायची.

टँकर आला. वॉचमननं वरच्या बाजूनं पाइप नाल्यात सोडला. दुष्काळाचं साल. आमच्या वस्तीत टँकर आठ-आठ दिवस फिरकत नव्हता. इथं गोडं पाणी काळ्या फेसावर ओतत होते. नियम लिटरमागं घाण मोजतो. पाणी वाढवलं की घाण नियमात बसते. खालच्या विहिरींत जाते ती तेवढीच.

मी म्हणाले, "साहेब, एक कॅन भरून द्या. घरी प्यायला नाय."

मॅनेजर माझ्यासोबत आलेल्या मंडळाच्या साहेबांकडं बघून हसला. "टँकर दिसला की पसरला हात! अहो, यांच्या लोकांना नाल्याचंच मानवतं."

आमचे साहेबही हसले.

मी वाकले. बाटली भरली. पाणी छान नितळ. या वाकण्याची लाज मला अजून आहे.

मग कागद. त्यावर शेऱ्याचा रकाना असतो. इतकी वर्षं मी तो कोरा सोडला. त्या दिवशी लिहिलं : टँकरचं पाणी ओतल्यावर घेतला. आधी काळा रंग, फेस, उग्र वास.

कागदावर कारखान्याची सही लागते. मी पॅड पुढं केलं.

"हातात नको देऊ. गाडीच्या बॉनेटवर ठेव."

ठेवलं. त्यानं न वाचता सही ठोकली. बाईनं लिहिलेलं कोण वाचतो? खालच्या कार्बनवर सही स्पष्ट उमटली. ती प्रत मी पिशवीत घातली.

ऑफिसात साहेबांनी वाचलं. चेहरा उतरला.

"फाड. दुसरा लिही."

"नाय लिहिणार."

"उद्यापासून येऊ नको मग."

"नाय येत. कार्बन माझ्यापाशी आहे."

त्यांनी वरचा कागद फाडला. मी घरी आले.

आता नाल्याला मिळणारं प्रत्येक गटार मी पायी फिरून वहीत उतरवलंय. खालच्या विहिरी, त्यांचे मालक, कोणाचं पाणी कधी बिघडलं, सगळं. नमुना आता मी सकाळी घेते, टँकर यायच्या आत, दोन विहीरवाल्यांना साक्षीला उभं करून. मॅनेजरनं माणसं पाठवली, धमकावलं. मी त्यांची नावं विचारली आणि त्यांच्यासमोर लिहून घेतली. तक्रार दिलीय; सुनावणी लागेल तेव्हा ती नावं मोठ्यानं वाचणार आहे. साहेबांचंही.