नाकावरचा शेंदूर

आमचे हे गिरणीत सायझिंग खात्याचे जॉबर, म्हणजे मुकादम होते. सायझिंग म्हणजे सुताला खळ लावून वाळवायचं काम. वाळवायला माणसापेक्षा उंच तांब्याचा ढोल असतो. त्यात वाफ सोडतात आणि सूत त्याच्यावरून फिरत जातं. गिरणीच्या खोलीत आम्ही राहत होतो ते याच नोकरीच्या जिवावर. नोकरी गेली की खोली गेली, हे मला झोपेतसुद्धा ठाऊक असायचं.

ढोलाला वाफेच्या नळाजवळ एक छोटा व्हॉल्व्ह होता. कामगार त्याला नाक म्हणत. संध्याकाळी वाफ बंद केली की आतल्या वाफेचं पाणी होतं, ढोल आतून रिकामा पडतो आणि बाहेरची हवा त्याला चेपायला बघते. तेवढ्यात हे नाक आपोआप उघडतं, हुस्स करून हवा आत घेतं आणि ढोल वाचतो. मला हे कळलं ते स्वयंपाकघरात. गरम तपेल्यावर झाकण घट्ट बसवून गार होऊ द्या, मग बघा निघतं का.

आता श्वास घेतंय म्हणजे जिवंत आहे, आणि जिवंत आहे म्हणजे देव आहे, असं आमच्या लोकांचं गणित. खंडेनवमीला बाकी यंत्रांना हळदकुंकू, नाकाला मात्र तेलात कालवलेला शेंदूर, तोही थापून. दसरा झाला की नाक बुजू नये म्हणून वाफ सोडायच्या आधी हे तो खरवडून काढायचे. एका वर्षी खरवडल्यावर कुणाचा तरी हात भाजला. झालं. पुढच्या नवमीला सगळे अडून बसले. "जॉबर, देवाला नख लावायचं न्हाय. लावलं तर आमी कामावर येनार न्हाय." यांनी परोपरीनं समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी यांनीच तोडगा काढला. वाफ बंद केली की ढोलाखालची तोटी स्वतः हातानं उघडायची, म्हणजे हवा तिथून आत जाईल.

मग यांना हिवताप आला. अंथरुणातून निरोप धाडला, तोटी उघडा म्हणून. निरोप पोचला, पण देव राखायला असताना तोटीला कोण विचारतो? वाफ बंद झाली. शेंदूर तापून दगड झालेला, नाक उघडलंच नाही. एवढा थोरला ढोल चेपून बसला. कुणाला लागलं नाही, एवढंच.

साहेबानं विचारलं तर सगळ्यांनी एकच सांगितलं: जॉबर दरसाल देव खरवडायचा, त्याचा कोप झाला. करून सवरून मेले नामानिराळे. साहेबाला देवाशी कर्तव्य नव्हतं. खातं जॉबरचं, तर चूकही जॉबरची. यांना काढलं, खोली गेली. दुसऱ्या गिरणीत गेले तर तिथल्या कामगारांनीच देव कोपलेला जॉबर नको म्हटलं. शेवटी तेलुगू विणकरांच्या गल्लीत, रस्त्यावर ताणलेल्या सुताला कुंच्यानं खळ लावायचं काम मिळालं.

पुढची नवमी आली तेव्हा हे म्हणाले, "जरा शेंदूर आण की."

"कशाला हो?"

"गिरणीत कुणाच्या तरी हाती देतो. नव्या ढोलाच्या नाकाला लावतील. देवाला नख लावलं मी. चुकलंच माझं."

नोकरी गेली तेव्हा मी शिव्या घातल्या होत्या, खोली गेली तेव्हा भांडले होते. त्या दिवशी भांडताही आलं नाही. सगळं कळणारा त्या खात्यात एकच माणूस होता, आणि तोही आता त्यांच्यातलाच झाला. मी शेंदूर आणून दिला.