शॉट लिस्टवरची सही

"सायबानू, तो फोटोवालो मागच्या शेडमदी एकटोच गेलो हा," वॉचमननं सांगितलं आणि मी खुर्चीवरून उठलोच.

कट्टा गावाजवळच्या एका काजू कारखान्यात मी अॅडमिन मॅनेजर होतो. परदेशी गिऱ्हाइकासाठी ब्रोशर काढायचं होतं. त्याच्या शूटसाठी मडगावहून मेल्विन नावाचा फोटोग्राफर आला होता. शूट दुसऱ्या दिवशी. आज फक्त रेकी, म्हणजे जागा आणि उजेड आधी बघून ठेवायचा. पण ऊन कुठल्या दारातून येतं, कुठली बाई कुठे बसते, जेवणाची सुट्टी कधी, असलं सगळं तो विचारत होता. जवळ नुसता मोबाइल. कॅमेरा न आणलेला फोटोग्राफर मी पहिल्यांदाच बघत होतो. कोणा स्पर्धकानं पैसे देऊन पाठवलेला माणूस असणार, असं मी ठरवूनच टाकलं.

शेडमध्ये तो सुशीलाच्या हातांचे फोटो काढत होता. सुशीला कटिंगची सुपरवायझर. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं, बोटं काळी करतं. कागदोपत्री आमच्या बायका ग्लोव्ह्ज घालत. प्रत्यक्षात ग्लोव्ह्ज घालून गर अख्खा निघत नाही, म्हणून त्या हातांना राख चोळून बसत. हे मला माहीत होतं. गिऱ्हाइकाला नव्हतं.

"हे काढायला कोणी सांगितलं?"

"लिस्टमध्ये आहे, सर."

"लिस्टबिस्ट राहू दे. मोबाइल दे इकडे!"

सुशीला उभी राहिली. "त्येका कित्या वराडतास? त्येनी विचारल्यान, मी दाखवलंय. हात माझेच ना? ते काय कंपनीचे आसत?"

बायका हसल्या. मला ते झोंबलं.

मालकांनी फोटो बघितले. "परब, ह्याला हे कोणी दाखवलं?"

"सुशीलानं."

"किती दिले असतील तिला?"

मी गप्प राहिलो. तेवढं पुरलं. मेल्विनचं काही ऐकून न घेता मालकांनी त्याला परत पाठवलं आणि सुशीलाला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

संध्याकाळी शूट रद्द झाल्याचं पत्र लिहायला फाइल काढली. आत त्याची शॉट लिस्ट होती. कुठले फोटो काढायचे याची ही यादी शूटआधी मंजूर करून घेतात. अकरावी ओळ: "काम करणारे हात, जवळून. जागा सुपरवायझर दाखवतील." खाली माझी सही. शूटच्या दिवशी जेवायला किती माणसं एवढंच त्यात बघून मी ती केली होती.

मालक शेजारच्याच केबिनमध्ये होते. मी फाइल मिटली आणि कपाटात ठेवली.

गावात सुशीलाला नाव पडलं, फोटो विकणारी बाई. दुसऱ्या कुठल्या कारखान्यानं तिला घेतलं नाही. मी रिटायर झालो तो हारतुरे घेऊन.

गेल्या महिन्यात तिच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. ती अंगणात आमसुलं वाळत घालत होती. हात थांबले नाहीत.

"माका म्हायत होता मी काय करूक नाय ता," ती म्हणाली. "माका कित्या सांगतास? ज्येंका म्हायत नाय त्येंका सांगा."

म्हणून हे नावानिशी लिहिलं आहे. तिनं काही विकलं नव्हतं. परवानगी माझी होती.

शूट ठरवणाऱ्यांना एवढंच सांगतो: शॉट लिस्ट शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. आणि वाचायची राहिलीच, तर त्याच दिवशी तसं सांगा.