दुखणं मूत्रपिंडाचं, तपासणी हाताची

बाळ वाईकरांनी सत्तावीस वर्षं जकात नाक्यावर ट्रकच्या ताडपत्र्या उचलून पाहिल्या. कागदावर कांदा लिहिलाय म्हणजे आत दुसरंच काही असणार, ही खात्री निवृत्तीनंतरही सुटली नाही. कसबा पेठेतला त्यांचा दूधवाला रोज त्यांच्यासमोर माप भरायचा, तेही दोनदा.

मूत्रपिंडाचा आजार जडून चार वर्षं झाली होती. यंदा डॉक्टरांनी त्यांना एका वैद्यकीय अभ्यासासाठी पाठवलं. तिथे शेफाली नावाच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "काका, तुमच्या हाताची धमनी बघायची आहे."

वाईकरांनी शेजारी बसलेल्या बायकोकडे, आनंदीबाईंकडे पाहिलं. मग म्हणाले, "किडन्या कमरेत असतात, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. अलीकडे सरकल्या का?"

शेफाली हसली. तिनं संमतीचा कागद पुढे केला. वाईकरांनी चारही पानं दोनदा वाचली. "इथे 'नमुना' लिहिलंय. नेमकं काय काढून घेणार?"

"थोडं रक्त."

"थोडं म्हणजे किती चमचे?"

"एक. सिगारेट ओढता?"

"छे!"

आनंदीबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. ही डॉक्टरांना फितूर तर नाही ना, असं वाईकरांच्या मनात येऊन गेलं.

हाताला पट्टा आवळला. पाच मिनिटं रक्त अडवून ठेवायचं, मग एकदम सोडायचं. बोटं बधिर झाली. हात लुळा करून नंतर ऑपरेशन गळ्यात मारायचा बेत असेल, असं त्यांना वाटत राहिलं. पट्टा सुटला. पडद्यावर दोन पांढऱ्या रेघा आणि त्यांच्यामधे काळी धमनी दिसत होती. शेफालीनं तिची रुंदी मोजली. आधी चार पूर्णांक दोन मिलिमीटर, नंतरही जवळपास तेवढंच.

"रक्तवाहिनीला आतून पातळ अस्तर असतं," ती म्हणाली. "रक्ताचा लोंढा आला की तेच वाहिनीला सैल व्हायला सांगतं. मूत्रपिंडं नीट गाळत नाहीत, तेव्हा नको ती द्रव्यं रक्तात साठतात आणि अस्तराला इजा होते. दुखत काहीच नाही. पण हृदयावर बेततं, कधीकधी डायलिसिसची वेळ येण्याआधीच."

"सगळ्यांना हेच ऐकवत असाल."

"नाही हो. निरोगी माणसांचीही तपासणी करतो, तुलनेसाठी."

वाईकरांनी संधी साधली. "मग हिची करा. माझ्यासमोर."

दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी आनंदीबाई आल्या. त्यांनी एक चकार शब्द न विचारता सही केली. पट्टा सुटला तेव्हा वाईकर खुर्ची ओढून पडद्याला नाक लावून बसले होते. तीन पूर्णांक चारवरून धमनी तीन पूर्णांक सहावर गेली. रेघा एकमेकींपासून दूर सरकताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या.

"परत मोजा," ते म्हणाले. तिनं मोजलं. आकडा तोच आला.

वाईकरांनी खुर्ची पडद्यापासून मागे सरकवली. मग म्हणाले, "त्या फॉर्मवर सिगारेटपुढे 'नाही' आहे, ते खोडा. रोज चार."

"पाच," आनंदीबाई खाटेवरूनच म्हणाल्या.

"तुला कुणी सांगितलं?"

"धुण्याआधी शर्टांचे खिसे मी तपासते. तीन वर्षं झाली."

तीन वर्षं आपल्यावर पाळत होती आणि आपल्याला पत्ता नव्हता, हा धक्का वाईकरांना धमनीपेक्षा मोठा वाटला. "बोलली का नाहीस मग?"

"तुम्ही कबूल झाला असतात?"

सिगारेट एका झटक्यात सुटली नाही. दोनदा सुटली आणि दोनदा पुन्हा लागली, मग बंद झाली. वर्षभरानं पुन्हा तपासणी झाली तेव्हा धमनी किंचित जास्त उघडली. मूत्रपिंडं काही सुधारली नाहीत, ती तशी सुधारत नाहीत हेही शेफालीनं स्पष्ट सांगितलं. पण डायलिसिस अजून दूर होतं.

"यंत्र बदललंय का?" वाईकरांनी विचारलं.

"तेच आहे, काका."

ते चालत घरी निघाले. वाटेत आनंदीबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. भर रस्त्यात, एवढ्या वर्षांनी! वाईकरांना संकोच वाटला आणि बरंही वाटलं. मग त्यांच्या लक्षात आलं, ती बोटांचा वास घेत होती.