न मोडायची खूण

मालेगाव सोडून शेलूबाजारच्या रस्त्याला लागलं की वाटेत डाव्या हाताला सागाची एक बर्डी, बुटकी टेकडी, दिसते. दिसते म्हणजे ज्याला पाहायची असेल त्याला. गाड्या तिच्याकडं न बघताच निघून जातात. त्या बर्डीच्या पाठीशी सागबर्डीचा तांडा आहे, पस्तीस-चाळीस घरांचा. दिवाळी झाली की तांड्यातले चालते हातपाय ट्रकात बसून ऊसतोडीला जातात. मागं उरतात म्हातारी माणसं, शेळ्या आणि कुलूप लावलेली दारं.

हेमला राठोड त्या मागं उरलेल्यांतला. वय सत्तरीच्या पुढं, अंगानं वाळलेला, पण पाय अजून असे पडतात की जमिनीला आधी विचारून मग टेकतात. एकेकाळी हा माणूस कुणाच्याही मागं नव्हता. बैलगाड्यांवरून ऊसतोडीला जायचे दिवस होते तेव्हा तांड्याच्या अठरा गाड्यांच्या पुढं हेमला एकटा पायी चालायचा. गाड्यांच्या तासभर आधी निघायचं, पाणी शोधायचं, बैलांना उतरता येईल असा नाला बघायचा, आणि जिथं वाट फुटते तिथं खूण ठेवायची.

खूण साधी होती. तीन दगड, मोठ्यावर मधला, मधल्यावर लहान. लहान दगडाखाली गवताची गाठ, आणि गवताचं टोक ज्या वाटेनं जायचं त्या वाटेकडं. जवळ पाणी असेल तर सोबत पळसाचं एक पान दुमडून ठेवायचं. मागून येणारा गाडीवान झोपेत असला तरी बैल थांबला की त्याला खूण दिसायची.

या खुणेचा एक नियम होता. ठेवायची पुढच्यानं, मोडायची शेवटच्या गाडीनं. शेवटचा गाडीवान खाली उतरायचा, तीन दगड तीन दिशांना टाकायचा, गाठ सोडायचा. शिळी खूण वाटेवर राहिली तर उद्या भलत्याच टोळीचे बैल भलत्याच रानात जातात. आणि खूण उभी असेल तर समजायचं, अजून कुणीतरी मागं आहे.

असे बावीस हंगाम गेले. हेमलाच्या मागची एकही गाडी कधी चुकली नाही. हे तो फुशारकीनं सांगत नसे. कुणी आपल्या बापाचं नाव सांगावं तसं सांगत असे.

पुढं ट्रक आले. ट्रकाला दगडाची खूण लागत नाही. हेमलाची विद्या बर्डीवरच्या चार शेळ्यांपुरती उरली.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. शेळ्या घेऊन तो बर्डीच्या माथ्यावरच्या मोहाच्या झाडापाशी आला आणि उभाच राहिला. मोहाच्या मुळाशी एक खोबण आहे. तिच्या तोंडावर तीन दगड रचलेले होते. पाण्यानं वाहून आलेले दगड असे बसत नाहीत. हे माणसाच्या हातचं होतं.

त्यानं दगड हलक्या हातानं बाजूला केले. आत घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. डब्यात एक लहान वही, शिसपेन्सिल, एक काचेची गोटी, किल्ल्या अडकवायची कडी आणि वांग्याच्या बियांची पुडी. वहीत सहा ओळी होत्या. हेमलाला अक्षर येत नव्हतं, पण त्या सहा ओळी सहा वेगवेगळ्या हातांच्या आहेत, हे त्याला धुळीतल्या पावलांसारखं स्पष्ट दिसलं. सहा माणसं येऊन गेली. कुणी काही नेलं नाही. आणि दगड अजून उभे होते.

त्यानं सगळं होतं तसं ठेवलं आणि घरी येऊन बायकोला, मोतीबाईला, सांगितलं.

"कोन्या तरी टोळीची खून हाये ते. सहा जन गेले. खून मोडली नाई, म्हन्जे मांगं कोनी तरी हाये."

"मांगं मी हाये," मोतीबाई म्हणाली. "शेळ्या रानात सोडून तुमी आले, आता त्यायच्या मांगं मी जाऊन राह्यले."

त्या दिवसापासून हेमला शेळ्या मोहाच्या आसपासच चारू लागला. आणि खरंच माणसं येऊ लागली. बहुतेक रविवारी. खाली रस्त्यावर मोटारसायकल लावायची आणि तळहातावर फोन धरून, दिवा विझू नये तसा सांभाळत बर्डी चढायची. मोहाभोवती घुटमळायचं, मग एकदम हसू फुटायचं. डबा उघडून वहीत नाव लिहायचं, एखादी वस्तू ठेवायची, एखादी घ्यायची, आणि दगड पुन्हा रचून निघून जायचं. ना नवस, ना नारळ. हेमला खडकावर बसून बघत राही. कुणी विचारलं तर तो झाडाचं नाव सांगे, नाल्याचं नाव सांगे, समोरच्या खिंडीला काय म्हणतात ते सांगे. विचारणारा ते नाव दोनदा म्हणून बघायचा. पुष्कळ वर्षांत त्या बर्डीवर कुणी कुणाला काही विचारलं नव्हतं.

पौषात एका रविवारी मालेगावच्या चार पोरी आल्या. उन्हं कलली होती. त्यांतली एक, रेणू नावाची, फार बोलकी.

हेमलानं विचारलं, "बाई, तुमच्या मांगं अजून किती हायेत?"

"कोनीच नाई, आबाजी. आमीच शेवटच्या."

"पक्कं?"

"पक्कं म्हन्जे काय! पाहा ना, रस्ता रिकामा पडला हाये."

पोरी हसत उतरून गेल्या. दगड त्यांनी मोडले नाहीत, रचूनच गेल्या. आजकालच्या पोरींना कोण शिकवणार, असं हेमलाच्या मनात आलं. तो बराच वेळ मोहाखाली बसून राहिला. इतकी माणसं येऊन गेली, आता संपलं. मग तो उठला आणि शेवटच्या गाडीचं काम त्यानं स्वतः केलं. तीन दगड तीन दिशांना टाकले. डबा उघड्यावर राहू नये म्हणून घरी आणला आणि खुंटीला टांगला.

पुढच्या रविवारी तो वरच्या उतारावर होता. खाली मोहापाशी त्याला एक जोडपं दिसलं. बाई झुडपात हात घालत होती. माणूस पालापाचोळा उकरत होता. पुन्हा फोन बघायचा, पुन्हा झाडाला फेरी. असं ऊन डोक्यावर येईपर्यंत चाललं. हेमलाला आधी काही उमगेना. मग उमगलं, ती दोघं डबाच शोधत होती. तो शेळ्या टाकून उतरू लागला, हाक मारू लागला, पण वारा उलटा होता. तो मोहापाशी पोचला तेव्हा खाली मोटारसायकल सुरू झाली होती आणि धूळ शेलूबाजारच्या दिशेनं चालली होती.

माणसं मागं असताना त्यानं खूण मोडली होती. बावीस हंगामांत जे झालं नाही ते म्हातारपणी झालं.

त्या दिवशी तो जेवला नाही. मोतीबाई म्हणाली, "एवढंच वाटते तर डबा नेऊन ठेवा ना जाग्यावर."

"मोडली खून ज्याची त्यानंच उभी करा लागते. म्या कशी ठेवू? माह्यी नाई ते."

"मंग खुन्टीले काहून लटकवून ठेवला? तो डबा काय उतरून बोलनार हाये?"

दुसऱ्या सकाळपासून हेमला मांडीवर डबा घेऊन मोहाखाली बसू लागला. सहा दिवस कुणी आलं नाही. सातव्या दिवशी एक बाई एकटीच चढून आली. पस्तिशीची, डोक्याला रुमाल, नखांत माती. ती साधना. मालेगावजवळ तिच्या वडिलांचा, गुलाबरावांचा, भाजीचा मळा आहे. तिथं ती वांग्या-मिरचीची रोपं करून विकते. डबा तिनं ठेवला होता.

तिला हेमलाच्या मांडीवरचा डबा दिसला आणि कपाळाला आठी पडली.

"म्हन्जे तुमीच नेला होय, आबाजी? दोघांनी लिहून पाठवलं, सापडला नाई म्हनून. मी आज नकाशावरून ही जागा पुसाले आले होते. एकदा पुसली की मंग अठी कोनी येत नाई."

"चोरला नाई, बाई. खून मोडली म्या. ते पोरगी म्हने, आमीच शेवटच्या."

आणि त्यानं सगळं सांगितलं. गाड्या, दगड, गवताचं टोक, शेवटच्या गाडीचा नियम. साधना उभी होती ती खाली बसली. कपाळावरची आठी कधी गेली तिलाही कळलं नाही.

"ते त्या दिवसाच्या शेवटच्या म्हने, आबाजी," ती हळू बोलली.

"मंग खरा शेवटचा कोन? ते सांग. त्याच्यापर्यंत बसतो मी."

साधना जवळ सरकली. तिनं फोन काढला आणि त्याच्यासमोर धरला. हिरव्या नकाशावर एक ठिपका होता. "हे आपली बर्डी. हा आपला डबा. लपवाचा अन् शोधाचा खेळ हाये हा, फोन जागा दाखवते." तिनं दोन बोटं चिमटीसारखी जवळ आणली. बर्डी लहान झाली, जिल्हा लहान झाला. दूर आणखी ठिपके दिसू लागले. तिनं पुन्हा चिमटी घेतली. देश दिसला, समुद्र दिसले, समुद्रापलीकडची जमीन दिसली, आणि तिथं ठिपके इतके होते की खालची जमीन दिसेना.

"हे सारे डबे?"

"सारे. कोनी डोंगरात ठेवले, कोनी पुलाखाली, कोनी बर्फात."

"कोनासाठी?"

"जो येईल त्याच्यासाठी. ठेवनाऱ्याले त्याचं नावही ठाऊक नसते. आज येईल, नाईतर धा वर्सांनी येईल. शेवटचा असा कोनी नसतेच, आबाजी. म्हनून मोडाची नसते."

हेमला त्या ठिपक्यांकडं बघत राहिला. फोनचा उजेड आपोआप मंद झाला, साधनानं बोट लावून पुन्हा आणला, तरी तो बघतच होता. त्यानं जन्मभर खुणा ठेवल्या त्या अठरा गाड्यांसाठी. कोणत्या गाडीत कोण बसलंय, कुणाचं पोर तापानं फणफणलंय, सगळं त्याला ठाऊक असायचं. आपल्या माणसांसाठी कुणीही खूण ठेवील. पण ही कोण माणसं? ज्याला पाहिलं नाही, ज्याची भाषा येत नाही, जो अजून जन्मलाही नसेल, त्याच्या वाटेवर दगड रचून ठेवणारी? आणि इतकी? एवढी मोठी दुनिया, आणि तिच्यात जागोजाग कुणी ना कुणी पुढं चालून गेलेलं. त्यानं दोन्ही हात जोडले. कुणाला जोडले ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मग तो उठला, टाकलेले तीन दगड शोधून आणले. तिन्ही त्याला ओळखू आले.

"ठेव बाई. तुह्या हातानं."

साधनानं डबा खोबणीत सरकवला आणि दोन दगड रचले. तिसरा त्याच्या हातात दिला. "हा तुमचा. अन् ते गवताचं काय म्हनता, तेही करा."

हेमलानं कुसळी गवताची चार पाती उपटली, गाठ मारली, टोक खोबणीकडं केलं आणि वर दगड टेकवला. मग म्हणाला, "माह्यामुळं जे रिकाम्या हातानं गेले त्यायले सांगता येते का?"

"लिहून पाठवते. शेलूबाजारचे विनोदभाऊ अन् त्यायच्या घरच्या, संगीताताई. पन एकदा भटकून गेलेलं मानूस परत येईलच असं नाई, आबाजी."

पुढचा रविवार उजाडला. हेमला सकाळीच खडकावर जाऊन बसला. आज मोतीबाईही शेळ्या हाकत वर आली होती, काय होतं ते बघायला. ऊन चढलं. दोनदा खाली मोटारसायकलचा आवाज आला आणि पुढं निघून गेला. तिसऱ्यांदा आवाज थांबला.

दोघं वर आली. तीच दोघं. विनोद फोनकडं बघत मोहाच्या भलत्या अंगाला गेला. संगीता मागं राहिली, जमिनीकडं बघत.

"सांगा ना त्यायले!" मोतीबाई कुजबुजली. "तोंड काहून शिवलं?"

"पुढच्यानं बोलाचं नसते. खून बोलते."

संगीता दगडांपाशी थांबली. वाकली. गवताच्या टोकाला तिनं बोट लावलं आणि ते बोट हवेत सरळ पुढं नेत खोबणीपर्यंत आणलं. "अवो, अठी या!" ती ओरडली, आणि तिच्या ओरडण्यानं सागातले पोपट उडाले.

हेमला खाली आला. "बाई, मागच्या खेपेले माह्यानं खून मोडल्या गेली होती. तुमाले उन्हात फिरा लागलं."

तिला काही कळेना. मग त्याला पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. विनोद पेन्सिल हातात धरून ऐकत राहिला, नाव लिहायचं विसरून. मोतीबाई मध्येच म्हणाली, "अठरा नाई, एकोनीस गाड्या होत्या. माह्या बापाची मोजतच नाई हे." तेव्हा सगळे हसले.

निघताना संगीतानं डबा आत ठेवला, दगड एकावर एक रचले, मोठा, मधला, लहान, आणि गवत लहान दगडाखाली धरलं.

"बरोबर हाये का, आबाजी?"

हेमला गुडघ्यावर बसला. डोळे बारीक करून त्यानं पाहिलं. गवताचं टोक बोटभर डावीकडं वळवलं.

"आता हाये," तो म्हणाला.